आधी रिकामं काढा

मन्नान सर गेले त्याच्या चौथ्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली आणि तिच्यात सगळ्यांत जास्त वेळ मी बोलले. विद्यार्थिनी म्हणून बोलले, सहकारी म्हणून बोलले, आणि विभागप्रमुख म्हणून तर बोलावंच लागतं. 'ऋषितुल्य', 'कलेचे निस्सीम उपासक', 'आमच्या डोक्यावरचं छत्र' असले सगळे शब्द मी मांडून ठेवले. मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. सभा संपल्यावर पहिल्या रांगेत बसलेल्या रझियाचाची, म्हणजे सरांची बायको, माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लई चांगलं बोललीस बेटा. तुझ्यावर लई जीव होता त्यांचा."

चाचींना काही माहीत नाही. माहीत असतं तर त्यांनी हात धरला नसता. आता कॉलेजच्या वार्षिकाला सरांवर एक पान हवंय, सोबत एक फोटो. ते पान मी लिहून दिलंय, त्यात पुन्हा ऋषितुल्य आहे. हे लिहितेय ते दुसरं आहे.

शेख मन्नान हे त्यांचं पूर्ण नाव. कॉलेजात ते कलेचा इतिहास शिकवत. अंगाने उंच, पण पाठीत वाकलेले, कारण अर्धं आयुष्य स्टुलावर बसून मान पुढे काढून गेलेलं. खिशाला पेनाऐवजी दोन ब्रश लावलेले असत आणि ब्रशांच्या टोकांना सायकलच्या व्हॉल्वची नळी चढवलेली असे. चहा कपातून कधी प्यायले नाहीत. बशीत ओतून, फुंकर घालून, आणि तेवढ्या वेळात समोरच्याच्या कागदाकडे बघून त्याची सगळी लबाडी ओळखून मोकळे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, असं ते सांगत. मला ते कधी खरं वाटलं नाही. ते माणसाला त्याच्या गावाने हाक मारत. मी करमाडची, म्हणून पहिल्या दिवसापासून मी करमाड. वाळूजच्या कारखान्यात वडील असलेला, तिथल्याच वसाहतीतला एक मुलगा होता, तो बजाजनगर. "बजाजनगर, भिंतीला टेकू नको, भिंत तुझ्या बापाची नाय." "करमाड, इकडं ये, हे काय लावलंस?" पदवी झाली, मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, लग्न झालं, पुढे विभागप्रमुख झाले, तरी सरांची हाक तीच होती. प्राचार्यांसमोर, शिपायासमोर, माझ्या नवऱ्यासमोर करमाडच. कधीकधी मला ते खटकायचं. आता ती हाक कुणी मारली तर मी काय वाटेल ते देईन.

जगभरच्या चित्रकारांनाही त्यांनी हाच न्याय लावला होता. त्यांच्या तासाला परीक्षेपुरतं नाव फळ्यावर लिहिलं जाई, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. बोलताना मात्र तो 'इटलीचा गवंडी' असे, 'जपानी लाकूडवाला' असे, 'इराणचा निळ्या रंगाचा वेडा' असे. जगाचा नकाशा टांगायचे आणि जुनी छत्री उलटी धरून तिच्या मुठीने देश दाखवायचे. राजे, लढाया, सनावळी यांत त्यांना रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच असे. त्या देशात चित्र फुटलं, भिंत पडली, भांडं तडकलं, तर तिथली माणसं पुढं काय करतात?

"जपानात वाडगा फुटला तर सोन्यानं सांधतात," ते सांगायचे. "तडा लपवत नाय. उलटा मिरवतात. इटलीत भिंतीवरचं चित्र उडालं तर तेवढी जागा बारीक बारीक रेघा मारून भरतात. लांबून सगळं एक दिसतं. जवळ गेलं की रेघा दिसतात. म्हणजे काय, की बाबा, हे आमचं हाय, हे त्याचं नाय. देश कसा हाय ते त्याच्या फुटक्या भिंतीपाशी जाऊन बघा. किल्ल्यापाशी, पुतळ्यापाशी काय कळत नाय."

"आणि आपल्याकडं सर?" कुणीतरी विचारायचंच.

"आपल्याकडं ऑइलपेंट मारतात," असं म्हणून ते छत्री नकाशावरून खाली घ्यायचे. वर्ग हसायचा. ते हसत नसत.

स्वतः सरांनी एकही देश पाहिला नव्हता. त्यांचं सगळं जग फर्दापूरहून सुरू झालं. अजिंठ्याच्या पायथ्याचं ते गाव, तिथे त्यांचं घर. लेण्यांत वीज नव्हती तेव्हा बाहेर उन्हात एक माणूस पत्र्यावर बसवलेला मोठा आरसा घेऊन उभा राही आणि कवडसा आत फेकी. आत दुसरा माणूस पांढरं कापड धरून तो उजेड भिंतीवर पसरवी. तेव्हा कुठे पाहुण्यांना चित्र दिसे. बाहेर आरसा धरणारे सरांचे वडील होते. "आमच्या अब्बांची नोकरी ऊन आत टाकायची," हे सर फार रुबाबात सांगत. "सोपं नाय ते. ऊन सरकतं. दर दोन-तीन मिनिटाला अर्धं पाऊल सरकावं लागतं. माणूस जागचा हलला नाय तर उजेड भलतीकडंच जातो."

तो आरसा सरांच्या शहागंजातल्या घरात बाहेरच्या खोलीत टांगलेला होता. कडेचा पारा उडालेला, पत्र्याला पोचे आलेले. चाची त्याच्यात बघून भांग पाडत.

नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत सरांनी एक रविवार सोडला नाही. शनिवारी दुपारी एसटीने फर्दापूर, भावाकडे मुक्काम, रविवारी सकाळी परवानगीचं पत्र, बोर्ड आणि स्टूल घेऊन लेण्यात. ते अजिंठ्याच्या नकला करत. नक्कल हा शब्द त्यांचाच, आम्ही प्रतिकृती म्हणायचो तेव्हा ते वैतागत. आणि नक्कल करण्याची त्यांची एक रीत होती, तीच सांगण्यासाठी हे सगळं लिहितेय.

अजिंठ्याच्या भिंतींवरचा गिलावा ठिकठिकाणी पडलाय. राजकन्येचा खांदा आहे, दंड नाही. हत्तीची सोंड आहे, कपाळ नाही. इतर नक्कल करणारे आधी आकृती काढतात आणि मग मोडतोड दाखवतात, किंवा दाखवतच नाहीत. सर आधी मोडतोड काढत. कोऱ्या कागदावर पहिल्यांदा फक्त पडलेल्या गिलाव्याच्या कडा, तिथल्या बारीकसारीक दातऱ्यांसकट. त्यात त्यांचे चार-चार रविवार जात. कागदावर नुसती बेटं दिसत, चित्राचा पत्ता नाही. ते जुळलं की मगच रंग. आणि त्या बेटांच्या आत काहीही नाही, कोरा कागद.

"आधी रिकामं काढा," हे वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

मला ते वाक्य कसं मिळालं ते सांगते. पहिल्या वर्षी त्यांनी पडद्यावर अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यातल्या एका चेहऱ्याची स्लाइड लावली. डावा डोळा आणि निम्मं कपाळ उडालेलं. म्हणाले, काढा. मी गावात रांगोळीत पहिली येणारी. मी तो चेहरा पुरा केला, डावा डोळा उजव्याहून सुबक काढला, पापण्यासुद्धा. सर बाकाबाकाशी थांबत आले. माझ्यापाशी बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता कौतुक.

"करमाड, हा डोळा कुठून आणला?"

"सर, तसाच असणार ना. उजवा आहे तसाच."

"तू होतीस काय तिथं?"

वर्गात खसखस पिकली.

"तो बारकी वात लावून काढणारा माणूस, त्याचं नाव नाय, गाव नाय, काय नाय. त्याचं जेवढं उरलंय तेवढं त्याचं. उरलं नाय त्याच्यात तू घुसलीस. तुला कुणी बोलावलं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पूस. आणि पुसल्याचा डाग राहू दे. लक्षात राहील."

तो कागद माझ्याकडे अजून आहे. डाग आहे. लक्षात मात्र राहिलं नाही.

या रीतीपायी सरांनी पुष्कळ काही घालवलं. जळगाव रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याला दर्शनी भिंतीसाठी कमळ घेतलेला बोधिसत्त्व हवा होता. सरांनी नक्कल दाखवली. हॉटेलवाला म्हणाला, "सर, काम एक नंबर आहे, पण इथं इथं राहून गेलंय. तेवढं पुरं करून द्या, गिऱ्हाइकाला फुटकं दिसायला नको." सरांनी कागद गुंडाळला, रबर लावला आणि म्हणाले, "राहून गेलं नाय. गेलंय." त्याला दुसऱ्या पेंटरचा पत्ता देऊन चालत घरी आले. त्या महिन्यात त्यांना घराची गच्ची दुरुस्त करायची होती. ती पुढे कधी झालीच नाही.

दुसरी गोष्ट जपानी म्हाताऱ्याची. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, पण त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी विसरले नाही. सतरा नंबरच्या लेण्यात सर बसलेले, आणि एक जपानी गृहस्थ, स्वतः चित्रकार, मागे येऊन उभे राहिले. खुणेनेच त्यांनी सरांचा बोर्ड मागितला, भिंतीसमोर धरला. पहारेकरी आत थांबू देत नव्हता, त्याला हात जोडले. मग बोट हवेत धरून भिंतीवरच्या पडलेल्या जागेची कड फिरवली, मग तशीच कागदावरची. एक झाली की दुसरी. सगळ्या जागा झाल्यावर बोर्ड परत दिला आणि कमरेत वाकले.

"चित्र नाय बघितलं त्यानं, करमाड," सर म्हणाले. "माझं रिकामं तपासलं. एवढ्या वर्षांत तेवढा एकच माणूस."

त्या गृहस्थांनी सरांना सहा महिन्यांसाठी तिकडच्या एका शाळेत बोलावलं. पत्र आलं, प्रवासखर्चाचीही सोय होती. फक्त कॉलेजची परवानगी लागत होती. तेव्हाच्या प्राचार्यांनी अर्जावर शेरा मारला की सत्र परीक्षा तोंडावर आहेत आणि सदर दौऱ्याचा विभागास उपयोग स्पष्ट होत नाही. सरांनी पासपोर्टसाठी काढलेले फोटो उरले ते ग्रंथालयाच्या कार्डावर लावले. त्या प्राचार्यांवर मी खूप वर्षं मनातून चरफडत होते. आता तो अधिकार राहिला नाही.

निवृत्त होताना सरांनी आपल्या एकसष्ट नकला कॉलेजला दिल्या. घराची ती गच्ची गळत होती, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून घालून चाची थकल्या होत्या. सगळ्या नकला रिक्षातून तीन खेपांत आणल्या आणि विभागाच्या कपाटात मीच लावल्या. किल्ली माझ्या हातात देताना सर म्हणाले, "चित्रांचं काय, मूळ तिथं हायेच. तू रिकामं सांभाळ."

मी हसून हो म्हणाले. ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शहरात एक नवीन कलादालन उभं राहिलं. बाहेरदेशीचे पाहुणे येणार, त्यांना आपल्या मातीची थोरवी एका तासात कळली पाहिजे, असं ठरलं. दालनाच्या संचालकांना अजिंठ्याच्या उत्तम नकला हव्या होत्या. आमच्याकडे त्या आहेत हे त्यांना मीच सांगितलं. अभिमानाने सांगितलं. त्यांची माणसं आली, नकला मोठ्या आकारात स्कॅन करून घेऊन गेली. एक संमतिपत्र होतं, त्यावर विभागप्रमुखाची सही हवी होती. त्यात एक ओळ होती, 'आवश्यक त्या डिजिटल सुधारणांसह.'

ती ओळ मी वाचली होती. वाचली नव्हती असं लोकांना सांगता येतं, मला सांगता येत नाही. सुधारणा म्हणजे रंग थोडे उजळ करत असतील, एवढंच मनात आलं आणि ते तसंच असावं असं मी ठरवून टाकलं. सही केली. सरांना विचारलं नाही. म्हटलं, भिंतीवर लागल्या की एकदम दाखवू.

उद्घाटनाला गेले आणि दारातच थांबले. पुरुषभर उंचीच्या चकचकीत पारदर्शक प्लास्टिकच्या तावांखाली सगळ्या नकला छापून लावल्या होत्या, आणि सगळ्या पुऱ्या होत्या. कुठे एक पोपडा नाही. राजकन्येला दंड आला होता, हत्तीला कपाळ आलं होतं, आणि जिथे जिथे डोळे नव्हते तिथे डोळे आले होते, सगळे एकाच साच्यातले, ओले, मालिकेतल्या नटीचे असावेत तसे. कॉम्प्युटरवर बसलेल्या कुणी हुशार माणसाने सरांच्या सगळ्या रविवारांवर हात फिरवला होता. पाहुणे खूश होते. खाली पाटी होती, 'अज्ञात कलाकाराच्या प्रतिकृतीवर आधारित.'

आणि इथे मी जे केलं ते ऐका. मी त्या पाटीवर तुटून पडले. अज्ञात? ज्या माणसाने हयात घालवली, तो शहरात जिवंत आहे आणि तुम्ही त्याला अज्ञात म्हणता? मी संचालकांना पत्रं लिहिली, वर्तमानपत्रात बातमी देईन म्हणाले, दोन महिने चपला झिजवल्या. सगळे म्हणाले, मॅडम सरांसाठी किती लढल्या. लढायला ती पाटी सोयीची होती. तिच्यात माझी चूक नव्हती. डोळ्यांबद्दल बोलले असते तर संमतिपत्र निघालं असतं.

पाटी बदलली. आता पितळेची लागली, 'प्रतिकृती : शेख मन्नान'. मी एका मंगळवारी सरांना रिक्षात घालून दालनात घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चाचींनी अत्तराचा फाया दिला होता.

दारातून आत गेल्यावर बरोबर समोर पहिलं चित्र आहे, डावा डोळा उडालेल्या त्याच बाईचं. मला पहिल्या वर्षी जिचा डोळा पुसायला लावला होता तीच. सर तिच्यासमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बोट हवेत धरून ते पडलेल्या गिलाव्याची कड शोधायला लागले. कड नव्हतीच. बोट थोडा वेळ तसंच हवेत राहिलं.

"सर, पाटी बघा ना," मी म्हणाले.

त्यांनी पाटी वाचली. मग पुढच्या चित्राकडे गेले, मग पुढच्या. शेवटच्या चित्रापर्यंत गेले आणि परत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी नाव नव्हतं तेच बरं होतं. कुणीतरी अडाण्यानं केलं असेल म्हणून सोडून देता आलं असतं. आता हे सगळं खोटं मी बोललो असं झालं."

"सर, मी त्यांना सांगते, दुरुस्त करा म्हणून..."

"हे त्यांना दिलं कुणी?"

"कॉलेजनं दिलं सर."

"कॉलेजची सही कोण करतं?"

सहलीला आलेली एक शाळा आत शिरली होती, त्या गोंगाटाचं मी निमित्त केलं, जणू मला ऐकूच आलं नाही. सरांनी थोडी वाट बघितली. मग छत्री उचलली आणि म्हणाले, "चला मॅडम. तुम्हाला उशीर होत असेल."

मॅडम. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला चपराक बसली असती तरी चाललं असतं.

मग सरांनी अर्ज लिहिला. आपलं नाव त्या चित्रांखालून काढावं, एवढीच मागणी. चित्रं दुरुस्त करा असंही म्हटलं नाही, फक्त नाव काढा. त्यांचं अक्षर फार देखणं होतं. दालनाचं उत्तर आलं की नाव लावण्याची विनंती विभागामार्फत आली असल्याने ते काढण्याची विनंतीही विभागामार्फतच यावी. सरांनी तो अर्ज दुसऱ्यांदा लिहिला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी कार्यालयात होते. ते बसले नाहीत.

"मॅडम, हे पुढं पाठवायचं हाय."

"पाठवते सर. बसा ना, चहा सांगते."

"नको."

मी तो पाठवला नाही. त्याच सत्रात कॉलेजची मोठी तपासणी होती, बाहेरून समिती येणार होती, आणि विभागाच्या ठळक कामगिरीत मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की आमच्या माजी प्राध्यापकांच्या कलाकृती नामोल्लेखासह दालनात कायमस्वरूपी प्रदर्शित आहेत. सोबत पितळी पाटीचा फोटो. तपासणी झाली की लगेच पाठवू, असं मी स्वतःला बजावलं. सर तिसरा अर्ज घेऊन आले तेव्हा मी शिपायाला सांगितलं की मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग. दाराच्या काचेतून त्यांची छत्री दिसत होती. बराच वेळ दिसत होती.

मध्ये एकदा भाजी घेताना चाची भेटल्या. म्हणाल्या, "आजकाल दुपारी जेवले की कुठं जातात कुणास ठाऊक. बाहेरच्या खोलीतला आरसा काढून नेतात संगं. चादरीत गुंडाळून. विचारलं तर म्हणतात, अब्बाचं काम करायलो. तू बघ ना जरा बेटा, तुझं ऐकतात." मी बघते म्हणाले. माझ्या डोक्यात तेव्हा समितीच्या जेवणाचा बेत चालला होता.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या आठवड्यात. समितीतल्या तिघांना मी दालन दाखवायला नेलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. दालनाचं दार पूर्वेला, समोर मोठं अंगण, आणि त्या वेळी अंगणात लख्ख ऊन. मी पहिल्या चित्राशी उभी राहून समितीला पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. सरांची साधना, सरांचे रविवार, सगळं. तेवढ्यात समोरच्या चकचकीत तावावर उजेडाचा एक तुकडा येऊन बसला.

तो थरथरत वर सरकला, थांबला, थोडा डावीकडे गेला आणि स्थिर झाला. बाईच्या चेहऱ्यावर डावा डोळा आणि निम्मं कपाळ होतं तिथे आता नुसतं पांढरं दिसत होतं, डोळ्यांना न सोसणारं. बाकीचा चेहरा जशाचा तसा. दातऱ्या कडा उन्हाला जमत नाहीत, पण जागा बिनचूक होती. सतरा नंबरच्या भिंतीवर आहे तेवढीच, तिथेच.

मी मागे वळून पाहिलं. अंगणात ऐन उन्हात सर उभे होते. दोन्ही हातांत अब्बांचा आरसा, छातीशी धरलेला, मान जराशी बाजूला. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आतल्या कुणाकडेच नव्हतं. ऊन सरकत होतं, आणि ते अर्धं पाऊल सरकून पुन्हा स्थिर होत होते. अब्बांनी चित्र दिसावं म्हणून जन्मभर जे केलं तेच सर तेवढा एक डोळा दिसू नये म्हणून करत होते.

"हे काय चाललंय?" समितीचे अध्यक्ष डोळ्यांवर हात धरत म्हणाले. "कोण आहेत ते गृहस्थ?"

एवढा वेळ मी ज्यांच्याबद्दल बोलत होते तेच हे, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"माहीत नाही सर," मी म्हणाले. "कुणी पर्यटक असतील."

दारावरचा पहारेकरी मध्येच म्हणाला, "रोज येतंय ते म्हातारं. काय करत नाय बिचारं, पाच-दहा मिनिटं चमकवतंय आन् जातंय. दार लावू का मॅडम?"

मी लाव म्हणून मान हलवली. त्याने काचेवर रंगीत कागद चिकटवलेलं ते मोठं दार ओढून घेतलं, तसा भिंतीवरचा पांढरा तुकडा कडेने कापत कापत गेला आणि बाईचा डोळा परत आला, सुबक, पापण्यांसकट.

समितीतल्या बाई जरा पुढे होऊन बघत म्हणाल्या, "आता कसं छान पूर्ण दिसतंय."

मी हो म्हणाले.